तासाभराचं अंतर

१

आमची लेक अस्मिता हैदराबादला नोकरीला लागली तेव्हापासून वर्षातून तीनचार वेळा तरी मी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उभा असतो. कधी तिला आणायला, कधी तिच्याकडून परत येणाऱ्या माझ्या बायकोला, प्रमोदिनीला. मी हायस्कूलला गणित शिकवतो. काळ, काम, वेगाची उदाहरणं फळ्यावर लिहून लिहून हात झिजला, त्यामुळे असा उभा असलो की आपोआप हिशोब चालतो. हैदराबाद ते कोल्हापूर सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आतबाहेर. सोलापूरमार्गे गाडीनं अख्खा दिवस मोडतो. विमानाला तासभर लागतो, कधी थोडा जास्त. प्रमोदिनी म्हणते, पट्टा लावून पाण्याचे दोन घोट घेतले की उतरायची सूचना होते.

त्या दिवशी माझ्या शेजारी शिरोळचा एक तरुण शेतकरी उभा होता. राजवर्धन. हातात बाळाचं जरीचं टोपडं. बायको पोराला घेऊन भावाकडे गेली होती, ती यायची होती. पाच मिनिटांत त्यानं मला "पावणं" म्हणून हाक मारून फोनवर पोराचे फोटो दाखवले. एका फोटोत ते पालथं पडून मान वर करत होतं. त्याचं नाव अमरसिंह, हे ऐकून मला हसू आलं.

"सात म्हैन्याचं हाय," राजवर्धन म्हणाला. "अजून बसत न्हाय. पर आवाज असा हाय, उसातनं हाक मारली तर घरात ऐकू यील."

मी शिक्षक आहे कळल्यावर पुतणीच्या दहावीसाठी त्यानं माझा नंबर घेतला. तोवर विमान उतरलं. अगदी वेळेवर.

विमानातून येणारी माणसं कशी येतात ते आपल्याला माहीत असतं. कानाला फोन, बॅगांच्या चाकांचा खडखडाट, नजर आपल्या माणसाला शोधत. त्या दिवशी ती एका रांगेत आली. एकामागं एक, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, नाहीतर कपड्याला धरलेला. कुणी बोलत नव्हतं. पावलांचा आवाज येत नव्हता. दारातून बाहेर आल्यावर ती थांबली, उजेडाला डोळे बारीक केले, आणि मग हात सुटले. क्षणात सगळं नेहमीसारखं झालं. कुणी टॅक्सीला फोन लावला, कुणी हसलं. एखाद्या संस्थेची सहल असेल, असं मी मनाशी म्हटलं.

प्रमोदिनी रांगेच्या मध्यावर होती. तिच्या पुढच्या टाय लावलेल्या तरुणाच्या शर्टाचं टोक तिच्या मुठीत होतं. ते तिनं सोडलं, माझ्याकडं बघून हसली आणि विचारलं, फार वेळ झाला का येऊन?

बॅग घेऊन निघताना मी राजवर्धनचा निरोप घ्यायला वळलो. तो टोपडं हातात धरून तसाच उभा होता. समोर त्याची बायको होती आणि तिचं बोट धरून एक मुलगा स्वतःच्या पायांवर ताठ उभा होता. मी ऐकलं ते एवढंच. राजवर्धन तिला विचारत होता, "हे कुणाचं?"

चेष्टा करतोय, असं मला वाटलं.

२

विद्यापीठाच्या वळणावर सिग्नल लागला तेव्हा ऊन गाडीत आलं आणि मी प्रमोदिनीच्या डोक्याकडं पाहिलं.

तिचे केस मी रंगवतो. मागं तिचा हात पोचत नाही म्हणून पंधरा वर्षांपूर्वी एकदा मदत केली, तेव्हापासून ते कामच माझ्याकडं आलं. हैदराबादला जायच्या आदल्या दिवशी मी तिला गॅलरीत स्टुलावर बसवून कलप लावला होता. आठ दिवसांत भांगात एक बारीक रेघ पांढरी दिसते. आता तिचे केस टाळूपासून कानापर्यंत पांढरे होते आणि कानाखाली काळे.

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला.

घरी आल्यावर मी तिला नीट बघितलं. ब्लाउज दंडावर लोंबत होता. हाताची नखं खडकावर घासल्यासारखी झिजलेली. चपला मी स्वतः तिला महाद्वार रोडवरून घेऊन दिल्या होत्या, जाण्याच्या आठवड्यात. त्यांचा तळ टाचेपाशी कागदाएवढा उरला होता. एकीचा अंगठा तुटलेला, आणि तो चिंधीनं बांधलेला. चिंधी तिच्याच साडीच्या काठाची होती. साडीचा काठ गुडघ्यापर्यंत फाडलेला होता, सरळ, कुणीतरी विचार करून फाडावा तसा.

मी विचारलं, हे कधी झालं? तिनं चपलेकडं पाहिलं, नवल वाटल्यासारखं केलं आणि म्हणाली की चढताना अडकली असेल कुठंतरी. केसांचं विचारलं तर आरशात बघून म्हणाली, तुमचा कलपच हलका असतो.

मग मी सामानाची बॅग उघडली. तिच्यात अस्मितानं सकाळी करून दिलेली धपाटी होती. फडक्यात गुंडाळलेली. ती अजून मऊ होती. हाताला किंचित ऊब लागली.

प्रमोदिनीनं ती धपाटी ओट्यापाशी उभ्यानं खाल्ली. सगळी. एका हातानं खात होती आणि दुसरा हात आडोसा धरल्यासारखा घासावर धरला होता. शेवटचा तुकडा तिनं अर्धा केला, अर्धा पदराला बांधला आणि जेवणघरातल्या जमिनीवर, भिंतीला पाठ लावून झोपून गेली. पलंगावर झोप म्हणून मी दोनदा सांगितलं. ती झोपेतच उजवीकडं सरकली. कुणालातरी जागा करून द्यावी तशी.

३

मी विचार करणारा माणूस आहे. आजारपणानं केस पांढरे होतात. वजन उतरतं. चप्पल खराब निघते. एकेक गोष्ट घेतली तर प्रत्येकीला उत्तर आहे. मी अस्मिताला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की आईला बरं वाटत होतं का तिकडं. ती म्हणाली, मजेत होती, कालच आम्ही दोघी बाजार फिरलो. विमानतळावर सोडतानाचा फोटो तिनं पाठवला. त्याच सकाळचा. फोटोत प्रमोदिनी होती, भरल्या अंगाची, भांगापासून टोकापर्यंत काळ्या केसांची. पायात नव्या चपला, त्यांचा पिवळसर रंग अजून तसाच.

मी तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला. मग फोन पालथा ठेवला.

डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी अशक्तपणा सांगितला, तळपायांवर बोट दाबून बघितलं आणि बाईंना एवढं चालायची सवय कधीपासून, असं मला विचारलं. तळवे घोड्याच्या खुरासारखे घट्ट झाले होते. प्रमोदिनी हसून म्हणाली, मी कुठली चालतेय, कोपऱ्यावर भाजीला जायचं तरी हे स्कूटर काढतात. ती खोटं बोलत नव्हती. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मला तिचं खोटं ओळखता येतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी पुन्हा विमानतळावर गेलो. त्याच विमानानं येणारी माणसं बघत काचेपाशी उभा राहिलो. ती नेहमीसारखी आली. फोनवर बोलत, बॅगा ओढत, एकमेकांना ढकलत. कुणाच्याही चपला झिजलेल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशीही तसंच. मला इतकं हलकं वाटलं की येताना मी अर्धा किलो पेढे घेतले.

पण संध्याकाळी अस्मितानं व्हिडिओ कॉल केला आणि आईचं डोकं बघून तिनं कॉल आवरता घेतला. नंतर मला वेगळा फोन करून म्हणाली, बाबा, तुम्ही मला काय सांगत नाही आहात? मी येते. मी म्हणालो, कशाला, काही नाही, तू तुझं काम बघ.

४

राजवर्धनचा फोन आला तो चौथ्या दिवशी. दहावीच्या पुतणीचं नाव त्यानं काढलंच नाही. "सर, तुमच्या घरात सगळं ठीक हाय का?" एवढंच विचारलं. मी उलट विचारलं, तुमच्याकडं? मग तो म्हणाला, बाईंना घेऊन या.

त्याचं घर शिरोळच्या बाहेर, उसाच्या मधोमध, रंग दिलेलं, पुढं ट्रॅक्टर. मला तो गोठ्यापाशीच घेऊन गेला. त्याची आई धोंडुबाई तिथं धार काढत बसली होती. तिनं वर न बघता सांगितलं, "पोरगं आमचंच हाय. मांडीवरची खूण हाय, कानाची पाळी हाय. पर पाळण्यातनं गेल्यालं पोरगं चालत आलं. दात घिऊन आलं. सून म्हणती, तुमाला काय झालंय, ह्यो असाच तर हुता." दूध संपलं तरी तिचे हात सडांवरून फिरत होते.

आम्ही घरात आलो तेव्हा प्रमोदिनी स्वयंपाकघरात पोचलेली होती. ती आणि राजवर्धनची बायको संयोगिता यांची ओळख मी करून देणार होतो. त्याची गरज नव्हती. संयोगिता भाकरी थापत होती आणि प्रमोदिनी तव्याकडं बघत होती. एकीनं हात पुढं केला की दुसरी न मागता हवी ती वस्तू त्यात देत होती. मीठ. फडकं. पाण्याचा तांब्या. दोघी एक अक्षर बोलत नव्हत्या. वीस वर्षं एका चुलीवर राबलेल्या जावांना जमावं तसं ते होतं.

आतल्या खोलीतून अमरसिंह आला. दीड वर्षाचा दिसत होता. बापाकडं त्यानं परक्या माणसाकडं बघावं तसं पाहिलं. प्रमोदिनीला पाहिल्यावर मात्र तो धावत सुटला आणि तिच्या गुडघ्यांना मिठी मारून म्हणाला, "आई."

संयोगितानं मान वर केली नाही. तिला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. प्रमोदिनीनं त्याला उचलून कमरेवर घेतलं, साडी बदलली तरी रोज पुन्हा बांधलेली पदराची गाठ सोडली आणि धपाटीचा तो वाळलेला तुकडा त्याच्या तोंडात दिला. राजवर्धननं दाराची चौकट धरली.

आणि मग एकाएकी दोघींचे हात थांबले.

मला काहीच ऐकू आलं नाही. हे मी शपथेवर सांगतो. बाहेर उसाची सळसळ होती, गोठ्यात म्हशीची साखळी वाजत होती, बाकी काही नाही. संयोगितानं गॅस बंद केला. दोघी खिडकीखाली भिंतीला पाठ लावून खाली बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन. त्या दोघींच्या मध्ये ते पोर बसलं. त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं आपणहून आपला चिमुकला तळवा उचलला आणि स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. डोळे आमच्यावर. न रडता, न हलता. ज्याचा आवाज उसातून घरापर्यंत यायचा ते पोर श्वाससुद्धा नाकानं, थोडा थोडा घेत होतं.

राजवर्धन माझ्या कानाशी म्हणाला, "रोज करतंय. दिसातनं दोन-तीनदा."

तव्यावरची भाकरी गार झाली. मग काहीतरी निघून गेलं असावं. दोघी उठल्या, गॅस पेटला, संयोगितानं पीठ घेतलं. पोर खेळायला गेलं.

परतीच्या वाटेवर मी प्रमोदिनीला विचारलं, मघाशी तुम्ही दोघी खाली का बसलात? ती म्हणाली, कधी? मी गाडी बाजूला घेतली. काहीही असो, मला सांग, असं म्हणून मी तिचे दोन्ही हात धरले. तिला माझी काळजी वाटली. माझ्या कपाळाला हात लावून तिनं ताप आहे का बघितलं.

५

शनिवारी सकाळची शाळा असते. मी घरी येऊन बूट काढत होतो तेव्हा अस्मिताचा फोन आला. मागं बारीक गडबड ऐकू येत होती, कुणीतरी कुणाला सीटचा नंबर विचारत होतं.

"बाबा, रागावू नका. मी विमानात बसलेय. तासाभरात पोचते."

दोन दिवस मी स्वतः उभा राहून पाहिलं होतं, माणसं नीट आली होती, मग घाबरायचं कशाला? तरी मी तिला उतर म्हणालो. आत्ताच्या आत्ता उतर, पोट दुखतंय सांग, काहीही सांग. ती हसली. दार लावताहेत बाबा, असं काय करता.

प्रमोदिनी भाजी निवडत होती. तिनं विचारलं, कोण? अस्मिता विमानात बसलीय, एवढं मी म्हणालो. हातातली मेथी तिनं खाली ठेवली आणि माझ्या हातातून फोन घेतला. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. आवाज मात्र शांत होता, मुलीला परीक्षेला पाठवताना असायचा तसा.

"अस्मिता, मध्ये बोलू नकोस, ऐक. पायात काय आहे? बूट आहेत ना, नाडी घट्ट बांध. उतरायला सांगतील तेव्हा पुढच्याचं काहीतरी धर आणि सोडू नकोस. पहिलं पाणी लागेल ते पिऊ नका. डावीकडून हाका येतील, त्या आपल्याच माणसांच्या आवाजात येतात. माझ्या आवाजात आली तरी जाऊ नकोस. कुणाबरोबर मूल असेल तर ते सगळ्यांनी आळीपाळीनं घ्यायचं, एकट्या आईला निभत नाही. कुणी बसलं तर उठवायचं. मारून उठवायचं. नाहीच उठलं तर तिथं थांबायचं नाही, त्याच्या चपला तेवढ्या काढून घ्यायच्या. आणि दिवस मोजू नकोस, बाळ. मोजायला लागलं की ते लांबतं. चालत राहायचं. ते येतंच शेवटी. येतं, मी सांगते ना."

एवढं बोलून तिनं फोन मला परत दिला. पडदा काळा होता. मी लगेच लावून पाहिला. बंद.

मी विचारलं, प्रमोदिनी, तू आत्ता काय सांगितलंस तिला? तिनं मेथीची काडी उचलली आणि माझ्याकडं पाहिलं. "कुणाला?" म्हणाली.

६

गाडी मी कशी चालवली ते आठवत नाही. प्रमोदिनी शेजारी बसून लेक येणार म्हणून बोलत होती. भाजी कुठली करायची, तिची खोली झाडायची राहिली. विमानतळावर मी काउंटरवरच्या तरुणाला विचारलं, हैदराबादचं विमान कुठं आहे? तो नम्रपणे म्हणाला की वेळेवर निघालंय, वाऱ्याची साथ आहे, थोडं लवकरच येईल. वाटेत कुठं उतरत नाही ना, असं मी विचारलं. तो हसला. वाटेत कुठं उतरणार सर, तासाभराचा तर प्रवास.

मी काचेला कपाळ लावून उभा राहिलो. उजेड होता, लोक होते, चहाचा वास होता. बायकोला न्यायला आलेला एक गृहस्थ मला वेळ विचारत होता. मी त्याला वेळ सांगितली आणि ऐकता ऐकता माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

विमान उतरलं. शिडी लागली. पुष्कळ वेळ दार उघडलंच नाही, किंवा मला तसं वाटलं.

मग माणसं आली. रांगेत.

पुढच्या माणसाची दाढी पोटापर्यंत होती आणि अंगात ऑफिसचा कोट होता, बाह्या कोपरापर्यंत विरलेल्या. त्याच्या मागं एक बाई, तिच्या गळ्यात दोरीनं ओवलेले चपलांचे जोड. माझ्या शेजारचा गृहस्थ आपल्या बायकोला शोधत टाचा उंच करत होता. मी तोंडं बघत होतो. सत्तावीस वर्षांची, डाव्या गालावर खळी, कुरळे केस. तशी कुणी नव्हती. रांग संपत आली. दाराशी थांबून सगळ्यांनी डोळे बारीक केले आणि हात सोडले, आणि हॉल बोलण्यानं भरून गेला.

एक बाई सरळ आमच्याकडं चालत आली. पन्नाशी ओलांडलेली. कुरळे, पांढरे केस मागं सुतळीनं बांधलेले, ओठावर जुनी जखम. तिची चाल मी ओळखली. चालायला शिकवताना मीच तिची बोटं धरली होती.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. प्रमोदिनी आणि ती. कुणीही बहिणी म्हटलं असतं, आणि मोठी कोण ते सांगता आलं नसतं. प्रमोदिनीनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि नेहमीसारखं म्हणाली, किती वाळलीस गं, खात नाहीस का काही?

मी खुर्चीचा दांडा धरला. अस्मितानं मला सावरलं. तिचा हात लाकडासारखा कडक होता. मग ती आईकडं वळली आणि हसली. गालाला खळी पडली.

"आई, फोन मध्येच कट झाला बघ," ती म्हणाली. "'मध्ये बोलू नकोस, ऐक' एवढंच ऐकू आलं. तू काय सांगत होतीस?"